नोंदणी विभागाच्या ऑनलाइन सेवा: जुना फ्लॅट घेता-विकताना कुठवर साथ देतात?

जुना फ्लॅट बघायला जाण्याआधी एक तास महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर काढावा. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, त्याने तो कितीला घेतला, कर्जाची सूचना लागली आहे का, सरकारी दराने किंमत किती भरते, हे तिथे घरबसल्या आणि फुकट बघता येतं. एजंटची दलाली आणि वकिलाची फी चुकत नाही, पण ही तयारी करून गेलेल्या माणसाचे प्रश्न नेमके असतात आणि समोरचाही त्याला वेगळ्या पद्धतीने उत्तरं देतो.

हे परीक्षण फेरविक्रीच्या व्यवहारापुरतं आहे: मोफत शोध, मूल्यांकन, ग्रासचं (सरकारी पैसे भरायच्या पोर्टलचं) चलन, पीडीई (दस्ताची माहिती आधीच ऑनलाइन भरणं) आणि शेवटी दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकासमोरचा दिवस. शोध उत्तम आहे, चलन नीट भरलं तर बिनघोर आहे, नोंदणीही सुटसुटीत झाली आहे. मात्र खरेदीदाराचा पैसा विक्रेत्याच्या हातात कधी आणि कशाच्या बदल्यात पडावा, हे या सेवेच्या कक्षेतच येत नाही. कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या मराठी माणसाला तिथला एस्क्रो ऑफिसर ठाऊक असतो. तो त्रयस्थपणे पैसे धरून ठेवतो आणि सगळ्या अटी पुऱ्या झाल्यावरच सोडतो. पुण्याचा फ्लॅट विकायला काढला की तोच माणूस विचारतो, इथे हे काम कोण करतं? फेरविक्रीत नेमून दिलेलं असं कोणी नाही. नव्या प्रकल्पात रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला लावली आहे, पण ते खातं बिल्डरचं असतं आणि जुन्या फ्लॅटशी त्याचा संबंध नाही. काही बँका एस्क्रो खातं उघडून देतात, पण घरगुती व्यवहारात ते क्वचितच वापरलं जातं. त्यामुळे पैशाचा क्रम आपला आपणच बांधावा लागतो, आणि तो बांधायला याच सेवेतल्या दोन-तीन जागा फार उपयोगी पडतात.

शोध कसा घ्यायचा

मुंबईचे दस्त १९८५ पासून आणि उरलेल्या महाराष्ट्राचे २००२ पासून मोफत शोधात दिसतात. वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतात, त्यामुळे आधीच्या वर्षांसाठी कार्यालयातली जुनी पुस्तकं चाळणारा माणूस लागतोच. कॅप्चा एकदा टाकला की बऱ्याचदा नवा येतो आणि पुन्हा टाकावा लागतो. तिथे वैतागून बाहेर पडू नका.

सुरुवात दस्त क्रमांकाने करावी. विक्रेत्याकडून त्याच्या करारनाम्याचा क्रमांक, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालय मागून घ्या. पुण्यात ते 'हवेली' आणि पुढे आकडा असं असतं. हे तीन तपशील टाकले की सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, उघडते. मग मिळकतीच्या बाजूने शोध घ्यायचा: जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर, विक्रेत्याने घेतलेल्या वर्षापासून चालू वर्षापर्यंत, एकेक वर्ष. इथे लोक चुकतात ते असं, की सर्व्हे नंबर टाकतात आणि सिटी सर्व्हे नंबर विसरतात. नोंद करणाऱ्याने यातला कोणता आकडा टाकला असेल त्याचा नेम नाही, म्हणून दोन्ही टाकून बघावेत. एका सर्व्हे नंबरवर दोनशे फ्लॅट असतील तर यादी लांबलचक येते, आणि फ्लॅट नंबर बघायला एकेक सूची उघडावी लागते. कंटाळवाणं काम आहे. पण विक्रेत्याने वर्षभरापूर्वी दुसऱ्या कोणाला साठेखत (विकण्याचा नोंदणीकृत करार) करून दिलं असेल तर ते याच यादीत सापडतं.

सूची २ वाचायची कशी, हे जरा सावकाश बघू, कारण अख्ख्या व्यवहारातला सगळ्यात बोलका कागद हाच. रकाना १ मध्ये विलेखाचा प्रकार असतो: करारनामा, खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र. २ मध्ये मोबदला, ३ मध्ये बाजारभाव. रकाना ४ हा मिळकतीचा: गाव, सर्व्हे नंबर, इमारतीचं नाव, मजला, फ्लॅट नंबर, आणि पार्किंग दस्तात असेल तर तेही. 'कव्हर्ड पार्किंगसह' म्हणून जाहिरात आणि रकाना ४ मध्ये पार्किंगचं नावही नाही, असं दिसलं की सोसायटीचं वाटपपत्र मागायचं. रकाना ७ मध्ये लिहून देणारे (विकणारे), ८ मध्ये लिहून घेणारे (विकत घेणारे). विक्रेत्याच्या दस्तातल्या रकाना ८ मधली सगळी नावं आजच्या दस्तात लिहून देणार म्हणून आली पाहिजेत. नवरा-बायकोचं जोडनाव असेल आणि विकायला एकटा नवरा आला असेल, तर व्यवहार तिथेच थांबवायचा. १२ मध्ये भरलेलं मुद्रांक शुल्क, शेवटी १४ मध्ये शेरा.

रकाना ८ मधला माणूस हयात नसेल तर गाडी वेगळ्या रुळावर जाते. सोसायटीने नॉमिनीच्या नावे भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) केला, म्हणजे फ्लॅट त्याचा झाला असं होत नाही. नॉमिनी वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवं, नाहीतर ते सगळे दस्तावर सह्या करायला तरी हवेत.

मोफत शोधात दस्ताचा प्रकार निवडायला 'रेग्युलर', 'ई-फायलिंग' आणि 'ई-रजिस्ट्रेशन' असे पर्याय येतात. बहुतेक लोक पहिल्यावरच थांबतात. गृहकर्जासाठी मूळ कागद बँकेकडे ठेवल्याची सूचना ई-फायलिंगमध्ये असते, तेव्हा तिथे बघितल्याशिवाय शोध पुरा झाला म्हणू नये. जोडीला सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या पोर्टलवर दहा रुपये आणि जीएसटी भरून तारणाचा शोध घ्यावा. दोन्हीकडे काही नसलं तरी विक्रेत्याचे मूळ कागद डोळ्यांनी बघायचेच. मूळ करारनामा हातात नाही आणि 'लॉकरमध्ये आहे' एवढंच उत्तर मिळतंय, तोवर विसार द्यायचा नाही.

दस्तांच्या साखळीत आणखी एक गोष्ट तपासतात: १० डिसेंबर १९८५ नंतरच्या प्रत्येक करारावर पूर्ण मुद्रांक भरलेला आहे का. मधला एखादा करार शंभर रुपयांच्या कागदावर असेल, तर त्याची थकबाकी आणि दंड पुढच्या खरेदीदाराला बँकेच्या दारात अडवतो.

वेबसाइटला न दिसणारं

गळकी गच्ची सूची २ मध्ये येत नाही. घराच्या तपासणीसाठी स्थापत्य अभियंता स्वतः नेमावा; एजंटने आणलेला नको. तपासणी पावसाळ्यात किंवा पाऊस सरल्यावर लगेच केली तर तिचा खरा उपयोग. एप्रिलमध्ये ताजा रंग दिलेली भिंत काही सांगत नाही. ओल मोजायचं यंत्र मात्र सांगतं. न्हाणीघराच्या मागची भिंत, खिडकीच्या चौकटीखालचा कोपरा आणि सगळ्यात वरचा मजला असेल तर छत, या तीन जागी ते टेकवायलाच लावा. कॉलम आणि बीमवर हातोडीने हलकं ठोकून पोकळ आवाज येतो का ऐकायचं. प्लास्टर फुगलं असेल आणि भेग सळईच्या रेषेत उभी गेली असेल, तर आत लोखंड गंजतंय. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलते. तो खर्च रंगकामाचा नसतो. न्हाणीघरात पाणी तुंबवून चोवीस तास ठेवायचं आणि खालच्या फ्लॅटचं छत बघायचं. खालच्याशी बोलणं होतं, तेही कामाचं. आरसीसीबीचं (गळती झाल्यास वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबल्यावर वीज गेली पाहिजे. न गेल्यास आरसीसीबीच बिघडलेली समजावी. अर्थिंग मात्र या बटणाने कळत नाही, ते वेगळं तपासून घ्यावं.

सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. सेक्रेटरीकडून तो अहवाल मागा. अहवालात मोठी दुरुस्ती सुचवली असेल आणि वर्गणी अजून गोळा झाली नसेल, तर ती नव्या सभासदाच्या माथी येणार. किंमत ठरवतानाच ती वजा करा. भोगवटा पत्र (ओसी) आहे का, आणि मंजूर नकाशातली बाल्कनी जागेवर आहे की हॉलमध्ये घेतली आहे, हेही तेव्हाच बघून घ्या.

सोसायटीच्या पैशाबद्दल थोडक्यात: प्रवेश फी १०० रुपये, हस्तांतरण फी ५०० रुपये, आणि महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य (प्रीमियम) जास्तीत जास्त २५,००० रुपये, ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकानुसार. 'देणगी' म्हणून त्यावर मागितलं तर परिपत्रक पुढे ठेवा. उपविधींप्रमाणे हस्तांतरणाला सोसायटीचा ना हरकत दाखला लागत नाही, पण कर्ज देणारी बँक तो मागते. म्हणून तो आणि थकबाकी नसल्याचं पत्र दोन्ही आधीच घ्यावीत.

आकडे आणि चलन

मुद्रांक शुल्क कराराची किंमत आणि वार्षिक मूल्य दर तक्त्याने (रेडी रेकनरने) येणारी किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. तक्ते वेबसाइटवर गावनिहाय आहेत. दर बांधीव क्षेत्राला लागतो. रेराच्या चटई क्षेत्राला १.१ ने गुणलं की ते येतं. लिफ्ट असलेल्या इमारतीत पाचव्या ते दहाव्या मजल्याला ५ टक्के, अकराव्या ते विसाव्याला १० टक्के चढ, आणि इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा. हा घसारा विसरून लोक जास्त शुल्क भरून बसतात. उलट, तक्त्याची किंमत कराराच्या किमतीहून १० टक्क्यांपेक्षा जास्त निघाली, तर फरकावर घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही आयकर लागू शकतो. म्हणून हा हिशेब भाव ठरवण्याआधी करायचा.

पुणे महापालिका हद्दीतला ८० लाखांचा फ्लॅट धरू. शुल्क ७ टक्के, म्हणजे ५,६०,००० रुपये. खरेदीदार एकटी स्त्री किंवा सगळ्या स्त्रियाच असतील तर ६ टक्के, ४,८०,०००. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. मुंबईत हेच ६ आणि ५ टक्के. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,०००. शिवाय पानांनुसार दस्त हाताळणी शुल्क.

शुल्क आणि फी ग्रासवर एकाच चलनात भरता येतात. पैसे अडकतात ते इथे: जिल्हा किंवा कार्यालय चुकीचं निवडलं, भरणाऱ्याचं नाव दस्तातल्या नावाशी जुळत नाही, मिळकतीचा तपशील अर्धवट. चलन भरल्यावर दुरुस्ती होत नाही. दुसरं चलन भरायचं आणि पहिल्याच्या परताव्यासाठी अर्ज करायचा. त्याची मुदत सहा महिन्यांची. त्यामुळे दस्ताचा मसुदा दोन्ही बाजूंनी मान्य केल्यावरच चलन भरावं, आणि चलनावरचा जीआरएन क्रमांक मसुद्यात आकडा न् आकडा ताडून घालावा.

५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापायचा, तोही कराराची किंमत आणि मुद्रांकासाठी धरलेली तक्त्याची किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर. आपल्या उदाहरणात ८०,००० रुपये. तो प्रत्येक हप्त्यातून त्या त्या वेळी कापायचा आणि कापलेला महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. नेहमीची चूक अशी की बँक कर्जाची पूर्ण रक्कम विक्रेत्याला देऊन टाकते आणि टीडीएस कापायला जागाच उरत नाही. बँकेला वाटपाचा तक्ता देतानाच तो वजा करून द्या. विक्रेत्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का तेही पाहा. पॅन निष्क्रिय असेल तर दर २० टक्क्यांवर जातो आणि फरकाची नोटीस खरेदीदाराला येते. विक्रेता अनिवासी असेल तर १ टक्क्याचा नियमच लागत नाही. कापणी बरीच मोठी होते, म्हणून त्याने कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधीच आणलेलं बरं. त्याचं कुलमुखत्यारपत्र परदेशातून येणार असेल, तर ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक भरून घ्या.

दुय्यम निबंधकासमोर

पीडीईमध्ये पक्षकार, मिळकत आणि चलनाची माहिती आपण स्वतः भरायची. नावांचं मराठी स्पेलिंग इथे पक्कं होतं आणि थेट सूची २ मध्ये उतरतं, तेव्हा वकिलाच्या कारकुनावर सोडू नका. पडद्यावर स्वतः वाचा. ई-स्टेप-इन या ऑनलाइन सोयीने कार्यालयातली वेळ घेता येते. दोन साक्षीदार, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं, आधीच्या दस्ताच्या सूची २ ची प्रत, विक्रेत्याच्या बाजूने मुखत्यार असेल तर मुखत्यारपत्र अजून रद्द झालेलं नाही असं घोषणापत्र.

आता पैशाचा क्रम. नोंदणी झालेल्या दस्ताच्या शेवटी 'दस्त गोषवारा भाग २' जोडलेला असतो. त्यावर पक्षकारांचे फोटो आणि अंगठे असतात, आणि त्याखाली 'शिक्का क्र. ३ ची वेळ' छापलेली असते. लिहून देणाऱ्याने दस्त करून दिल्याचं कबूल केलं ती ही वेळ. आपल्याकडच्या व्यवहारात एस्क्रोच्या सर्वात जवळ जाणारा क्षण हाच. डिमांड ड्राफ्ट आधी तयार, त्याची झेरॉक्स दस्तात, विक्रेत्याने काढणाऱ्या शाखेला फोन करून तो खरा असल्याची खातरी केलेली. आणि मूळ ड्राफ्ट विक्रेत्याच्या हातात पडतो तो त्याचा फोटो-अंगठा झाल्यावर. आरटीजीएस करायचं असेल तरी हाच क्षण. आता ते चोवीस तास चालतं, यूटीआर (व्यवहाराचा बँकेने दिलेला क्रमांक) पावतीवर लिहून घेता येतो. दस्तात 'रक्कम मिळाली' असं आधीच छापून ठेवणं विक्रेत्याला धोक्याचं आहे. 'नोंदणीच्या वेळी देण्यात येत आहे' असं लिहावं आणि पावती वेगळी, त्याच टेबलाशी सही केलेली.

कर्जाचा भाग नोंदणीनंतर येतो, म्हणून दोन पायऱ्या करतात: आधी साठेखत, त्यावर पूर्ण मुद्रांक; शेवटचा पैसा आला की खरेदीखत आणि त्याच दिवशी ताबा पावती. शेवटचा हप्ता यायच्या आत किल्ली देऊ नये, आणि खरेदीखताची तारीख पक्की नसेल तर खरेदीदाराने स्वतःच्या वाट्याची सगळी रक्कम आधी मोकळी करू नये. साठेखतात ताबा, उशिरासाठीचं व्याज आणि कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत, ही तीन कलमं स्पष्ट हवीत.

विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून फोरक्लोजर पत्र (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं) आणि तारण कागदांची यादी घ्या. खरेदीदाराच्या बँकेचा ड्राफ्ट विक्रेत्याच्या नावे नको. थेट त्याच्या कर्जखात्याच्या नावे, खाते क्रमांकासह. फोरक्लोजरची रक्कम पत्रावरच्या तारखेपुरतीच खरी असते. चार दिवस उशीर झाला की व्याज वाढतं, ड्राफ्ट काही शे रुपयांनी कमी पडतो आणि खातं बंद होत नाही. ती फट भरायला विक्रेत्याने थोडी रक्कम खात्यात ठेवावी. खातं बंद झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

दस्त हातात आला की कार्यालयाच्या पायऱ्या उतरण्याआधी सूची २ वाचा: नावं, फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ, मोबदला. चूक सापडली तर चूकदुरुस्ती पत्र करावं लागतं आणि त्यासाठी विक्रेत्याला पुन्हा बोलवावं लागतं. तो त्या दिवशी तिथेच उभा असतो. महिन्याभराने तो कदाचित दुसऱ्या गावी असेल. खरेदीदाराने स्वतः कर्ज घेतलं असेल, तर कागद बँकेत ठेवल्यापासून ३० दिवसांत त्याची सूचना याच वेबसाइटवर ई-फायलिंगने भरायची असते.